टाकी धुणाऱ्याचे तळे

माझा भाचा, दादाचा मुलगा, अपघातात गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. दादा परसातल्या टाकीत गुडघाभर पाण्यात उभा होता. हातात तारेचा ब्रश, पँट मांडीपर्यंत दुमडलेली. वहिनी मागच्या दारातून आली, टाकीच्या काठाशी थांबली आणि म्हणाली, "बाहेर या."

दादाने वर पाहिले नाही. त्याला वाटले असावे, खिडकीतून मीच बोलले. कारण मुलगा गेल्यापासून वहिनी आपणहून काही बोललीच नव्हती. विचारले तर हो, नाही, तेवढेच.

"अहो, बाहेर या म्हणते मी. त्यात माझं रोप आहे."

"रोप?" दादाने पायाजवळची कुंडी पाण्यातून वर काढली. काळ्या मातीत एक वाकडा कंद, त्याला बोटाएवढा तांबूस कोंब. "हे होय! मला वाटलं, नुसतीच मातीची कुंडी. काठावर ठेवतो. घासून झालं की सोड परत."

"घासायचं नाही."

"अगं, पाणी बघ की जरा. हिरवंगार झालंय. डोळ्यांत गेलं तर डोळे जातील."

"डोळ्यांत कोण घालतंय? बाहेर या."

दादा बाहेर आला. ब्रश हातात धरून तसाच उभा राहिला, पाय निथळत. वहिनीने कुंडी घेतली, वाकून हळूच पाण्यात सोडली आणि घरात निघून गेली.

मी दादाची धाकटी बहीण. नवरा वारल्यावर दादाने मला मागची खोली दिली. तिथे मी मशीन टाकले आणि लोकांचे कपडे शिवू लागले, शर्टांना काजे-बटणे करू लागले. खोलीची खिडकी परसात उघडते, त्यामुळे हे सगळे मला बसल्या जागी दिसत असे.

दादाचा धंदा टाक्या धुण्याचा. इमारतींवरच्या, जमिनीखालच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या. कमरेला दोर बांधून आत उतरायचे, गाळ बादलीने वर द्यायचा, भिंती घासायच्या, धुवायच्या, नवे पाणी भरायचे आणि शेवटी वरून ब्लीचिंग पावडरची एक मूठ टाकायची. मालकाने झाकण उघडून आत डोकावले आणि त्याला तळ दिसला, की काम झाले. "तळ दिसला पाहिजे," हे दादाचे नेहमीचे. घरातल्या पाण्याच्या पिंपाबद्दलही तो तेच म्हणे.

मुलगा गेल्यावर दादा जास्तच घासू लागला. पिंपे, न्हाणीची फरशी, जिन्याच्या पायऱ्या. वहिनी बसून राहायची आणि दादा घासत राहायचा. घरात दोन माणसे होती आणि एक ब्रशाचा आवाज होता. तिसरी मी, पण मी कुणाच्या हिशेबात नव्हते.

परसातली टाकी दादानेच बांधलेली. नळाला पाणी येत नसे त्या काळची, उघडी, निम्मी जमिनीत. नळाला पाणी येऊ लागल्यावर ती रिकामी पडली. रोपवाटिकेतल्या बाई माझ्याकडे एप्रन शिवायला टाकायच्या. एकदा येताना त्यांनी ओल्या वर्तमानपत्रात एक कंद गुंडाळून आणला. "माझ्या तळ्यात जागा नाही आणि फेकवत नाही," म्हणाल्या. मी तो खिडकीत ठेवला आणि विसरले. वहिनीने उचलला. तिने बाईंना काय विचारले, कधी विचारले, मला ठाऊक नाही. एके सकाळी टाकीत पाणी होते आणि पाण्यात कुंडी होती. तेव्हापासून पाणी हिरवे होई आणि दादा ते उपसून टाकी घासायचा. वहिनीने पुन्हा भरली की पुन्हा तेच. त्या दिवशी ती 'बाहेर या' म्हणाली, तोवर असेच चालले होते.

शेवटी निवाडा करायला दादाने बाईंनाच बोलावले.

"हे कमळ का?"

"कुमुदिनी. कमळाची पानं पाण्याच्या वर उभी राहतात. हिची पाण्यावर निजतात."

"मग निजू दे बापडीला. पण पाणी हिरवं होतंय, त्याचं काय?"

"नव्या पाण्यावर ऊन पडलं की होणारच हिरवं. तुम्ही धुता, नवं भरता, ते परत हिरवं होतं, तुम्ही परत धुता. जरा दम धरा. पानं पसरली की खाली ऊन पोचत नाही, हिरवं आपोआप मरतं. तळाला हे गवत लावा, ते पाण्यातला कस ओढून घेतं, मग हिरव्याला खायला काही उरत नाही. थोडे गप्पी मासे सोडा, डासांच्या अळ्या खातील. माशांची घाण झाडांना खत, झाडांची सावली माशांना. पाणी आपलं आपण स्वच्छ राहतं."

"पाणी आपलं आपण स्वच्छ राहतं?" दादा माझ्या खिडकीकडे वळला. "ऐकलंस का, बुटके? मग मी जन्मभर टाक्यांत उतरून काय झक मारली?"

"तुमच्या टाक्यांतलं पाणी लोकांना प्यायचं असतं," बाई म्हणाल्या. "हे नुसतं बघायचंय."

वहिनी काठावर बसून होती. ती म्हणाली, "मला बघायचंय." दादा म्हणाला, "बरं."

पुढचे काही आठवडे दादाला फार जड गेले. पाणी मटारच्या रश्शासारखे झाले. भिंतीपलीकडे घड्याळ दुरुस्त करणारे राहत, त्यांना आम्ही घड्याळवाले म्हणायचो. ते भिंतीवरून मान काढून म्हणाले, "टाकीवाले, डास पाळलेत का हो? काल एक माझ्याकडे आला होता, वेळ विचारून गेला."

"मी काय करू? हात लावायची बंदी आहे."

"कुणाची बंदी?"

"घरच्या सरकारची."

वहिनी पायरीवर बसली होती. तिच्या ओठांचा कोपरा हलला. दादाने ते पाहिले. त्यानंतर घड्याळवाले दिसले की तो मुद्दाम टाकीचा विषय काढायचा.

मासे आले तसे डास कमी झाले. कुमुदिनीची पाने ताटल्यांसारखी पसरली. कडेच्या कुंडीत पाणकणीस उभे राहिले, त्याच्या काड्यांवर चतुर येऊन बसू लागले. मधमाश्या पानांवर उतरून पाणी प्यायच्या आणि जायच्या. मासे ऊन चढले की पानांखाली जायचे, मांजर काठावर आले तरी पानांखाली जायचे. आणि पाणी निवळले. दादाच्या टाक्यांसारखे पांढरे नाही, कोऱ्या चहाला असावा तसा किंचित रंग, पण आरपार. दुपारी तिकडून येणारी झुळूक गार लागे. मी मशीन खिडकीला चिकटवून घेतले.

वहिनी बोलू लागली. सगळे तळ्याबद्दलच. एक कळी वर आलीय. त्या माशाला पिल्लं झालीत. दादा कामावरून आला की अंगावरच्या ओल्या कपड्यांनीच पलीकडच्या काठावर बसायचा आणि ती सांगेल ते ऐकायचा. मुलाचा विषय त्यांच्यात एकदाच निघाला.

"तो असता तर पाय सोडून बसला असता," वहिनी म्हणाली.

"बसला असता," दादा म्हणाला.

एवढेच. मग दोघेही पाण्याकडे बघत बसले आणि मी शर्टाची उरलेली बटणे लावली.

पुढच्या वर्षी वहिनीचे गर्भाशय काढायचे ठरले. दवाखान्यात जाताना ती मागच्या दाराशी थांबली आणि दादाला म्हणाली, "पाणी कमी झालं तर थोडं घाला. बाकी काही करू नका."

बायकांच्या वॉर्डात पुरुषांना भेटीच्या वेळेपुरतेच सोडत. तिच्याजवळ मी राहिले. दादा घरी एकटा राहिला. ऑपरेशन नीट झाले. वहिनीला घरी सोडायचा दिवस डॉक्टरांनी सांगितला. दादाने तो ऐकला, मान हलवली आणि गेला.

मग एका दुपारी मी कपडे न्यायला घरी आले. गल्लीच्या तोंडाशीच ब्लीचिंगचा वास आला. मला वाटले, कुणाच्या तरी इमारतीची टाकी धुतली असेल.

दादा परसात होता. दाढी केलेली, भांग पाडलेला. "ये, ये," म्हणाला. "बघ."

टाकी पांढरीशुभ्र झाली होती. चारी भिंती, कोपरे, काठ, सगळे घासलेले. तळाचा काळा गाळ गेला होता, त्या जागी धुतलेली खडी पसरली होती. कुंड्यांची बाहेरची बाजूसुद्धा त्याने विटेच्या तुकड्याने घासली होती. कुमुदिनीचे एकेक पान वरून-खालून पुसले होते. मुळे नळाखाली धुतली होती, लहान मुलीचे केस धुवावेत तशी. मासे अगोदर बादलीत काढून ठेवले होते, आता परत सोडले होते.

"ती येईल आणि दार उघडून बघेल," दादा म्हणाला. "तळ बघ. तळ दिसतोय."

मी तळ बघितला. मासे एका कोपऱ्यात जमले होते, तोंडे वर काढून. बघता बघता एक आडवा झाला.

"दादा, शेवटची मूठ टाकलीस का?"

दादाने आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. नखांत पांढरे होते.

"टाकली," तो म्हणाला. मग म्हणाला, "टाकली असणार."

तो कपड्यांसकट टाकीत उतरला. ओंजळीने मासे उचलून बादलीतल्या पाण्यात सोडू लागला. जे अजून हलत होते तेही थोड्या वेळाने हलायचे थांबले. दादा पाण्यात उभाच राहिला. मी म्हटले, बाहेर ये. तो आला. आम्ही भिंतीच्या कडेला खड्डा केला आणि बादली त्यात रिकामी केली. संध्याकाळपर्यंत पानांच्या कडा करपल्या.

"तिला तू सांगू नकोस," दादा म्हणाला. "मी सांगेन."

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळी तो खाटेच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला.

"बरी आहेस?"

"आहे. तळं?"

"आहे," दादा म्हणाला आणि वेळ संपायच्या आतच निघून गेला.

तिथून तो रोपवाटिकेत गेला. बाई त्याच्यावर ओरडल्या नाहीत. त्यांनी विचारले, "गाळ कुठे टाकलात?"

"गटारात."

"गाळातच तर सगळं होतं हो." त्यांनी हातातली झारी खाली ठेवली. "कंद शाबूत असेल. पाणी असंच उघडं राहू द्या, पावडर उडून जाऊ दे. मग माझ्या तळ्यातलं पाणी न्या, थोडा गाळ न्या. विरजण लावतो ना आपण, तसं."

"घाण पाणी?"

"घाण पाणी."

दादाने सायकलच्या कॅरियरला दोन्ही बाजूंनी डबे बांधले आणि बाईंच्या तळ्यातले तपकिरी पाणी आणायला लागला. सायकल चालवत नसे, हाताने धरून चालत यायचा, सांडू नये म्हणून. घड्याळवाल्यांनी एकदा विचारले, "काय टाकीवाले, धंदा उलटा सुरू केलात?" काठावर गुडघे टेकून त्याने डबा तिरका केला आणि पाण्याचा आवाज होणार नाही इतके सावकाश ते ओतले.

वहिनी घरी आली ती पोटावर हात धरूनच. आम्ही तिला खाटेकडे नेऊ लागलो, पण ती सरळ मागच्या दाराशी गेली. पांढऱ्या भिंती, मधे गढूळ पाणी, पाण्यावर काळे पडलेले एक पान.

"मी घासली," दादा तिच्या मागून म्हणाला. "तू येणार म्हणून. मासे आधी काढले होते. सगळं नीट केलं होतं. मग ती शेवटची मूठ... हाताने टाकली."

वहिनीने बराच वेळ पाहिले. रडली नाही, चिडली नाही. "वन्सं," ती मला म्हणाली, "मला आत न्या."

त्या दिवसापासून ती दादाशी बोलेनाशी झाली. माझ्याशी बोलायची. जे काही दादाला सांगायचे ते माझ्या तोंडून, तो दोन हात अंतरावर बसलेला असला तरी.

"वन्सं, त्यांना सांगा, जेवून घ्या."

"दादा, जेवून घे म्हणते वहिनी."

"तिला सांग, भूक नाही."

"वहिनी, भूक नाही म्हणतो."

"त्यांना सांगा, मग मलाही नाही."

"दादा..."

"ऐकलं मी. वाढ."

"मी काय पोस्टमन आहे का रे तुमची?" मी म्हटले. कुणी हसले नाही. मीही हसवायला म्हटले नव्हते.

पाणी पुन्हा हिरवे झाले, पहिल्यापेक्षा दाट. दादा कामावरून येऊन काठावर बसायचा, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. तारेचा ब्रश त्याने मला आणून दिला. "तुझ्या खोलीत ठेव. कुलपात ठेव. मागितला तरी देऊ नकोस." दादाला तळ्याचे फारसे काही नव्हते. वहिनी त्याला पुन्हा हाक मारेल, एवढेच त्याला हवे होते. आणि मारलीच तर ती तळे जगल्यावरच मारेल, हे त्याला कळले होते. म्हणून तो बसून राहायचा.

त्या हिवाळ्यात त्याचा खोकला वाढला. बंद टाक्यांत उतरू नका, असे डॉक्टरांनी बजावले. दादा "हो" म्हणाला आणि सकाळी दोर घेऊन कामावर गेला.

थंडी सरत आली तेव्हा हिरव्या पाण्यात एक तांबूस टोक दिसले. पहिल्यांदा दादालाच दिसले. तो माझ्या खिडकीशी आला.

"बुटके, कोंब आलाय. तिला सांग."

"तू सांग की."

"नको. माझ्याकडून नको."

मी सांगितले. वहिनी उठली, भिंतीला धरत परसात आली आणि काठावर बसली. दादा पलीकडच्या काठावर होता, तो उठून जाऊ लागला. वहिनी काही बोलली नाही. मग तो परत बसला.

त्यानंतर ती रोज येऊ लागली. पाने एकामागून एक वर आली. बाईंनी तळाचे गवत दिले, थोडे मासे दिले. पाणी कधी निवळले ते नेमके सांगता येणार नाही. एका दिवशी मला माशाची सावली खडीवर पडलेली दिसली, म्हणजे निवळले होते. दादाशी मात्र वहिनी अजून बोलत नव्हती.

मग सगळ्यांत आधी आलेले पान पिवळे पडले.

"ते पान," वहिनी म्हणाली. मान खालीच होती.

दादाने माझ्याकडे पाहिले. मी उठू लागले.

"तुम्ही नाही, वन्सं. यांना म्हणते मी. अहो, ते पिवळं पान काढायला पाहिजे. आत सडलं तर पाणी नासतं."

"मी काढू?"

"मग कोण? मला वाकवत नाही अजून. खाली देठाशी कापा. ओढू नका, कंद हलेल."

"कात्री..."

"वन्संकडे असते."

मी काजाची कात्री खिडकीतून दिली. दादा काठावर पालथा झाला, दंडापर्यंत हात पाण्यात घातला, बोटांनी देठ चाचपत खाली गेला आणि कापला. पान वर उचलून काठावर ठेवले. बाजूचे एकही पान हलले नव्हते.

"झालं?"

"झालं," वहिनी म्हणाली. "उद्या ते कडेचं बघा. तेही पिवळं होईलसं दिसतंय."

तेव्हापासून हे काम दादाचे झाले. रोज सकाळी कामावर जाण्याआधी तो तळ्याला फेरी मारायचा, पिवळी पाने आणि गळालेली फुले कापून काढायचा. वहिनी पायरीवरून सांगायची, ते नको, ते अजून हिरवं आहे. तो म्हणायचा, दिसतंय मला. ती म्हणायची, दिसत असतं तर हात तिकडे गेला असता का? कात्री मला मिळेनाशी झाली, म्हणून मी दुसरी आणली.

असे वर्षभर चालले. मग दादाच्याने जिना चढवेना, मग अंगणही ओलांडवेना. टाक्यांतल्या वाफांनी छाती भरलीय, असे डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात ठेवून फार काही होणार नाही, असेही म्हणाले. खाट पुढच्या खोलीत टाकली. तिथून परस दिसत नाही. माझ्या खोलीत खिडकीशी हलवू का, असे मी विचारले, तर नको म्हणाला.

एका सकाळी वहिनी ओल्या हातांनी आत आली. हातात पसरट भांडे, त्यात पिवळी पाने.

"आज तुमचं काम मी केलं."

"कापलंस की ओढलंस?"

"कापलं."

"बघू."

तिने भांडे त्याच्या पुढ्यात तिरके धरले. दादाने एक पान उचलले, देठाच्या टोकावरून अंगठा फिरवला आणि ते परत ठेवले.

"ठीक आहे," तो म्हणाला.

दादा त्याच आठवड्यात गेला. एप्रिल महिना होता, मंगळवार, सकाळची वेळ. वहिनी तेव्हा परसात होती.